उपासाची चक्कर

नाताळच्या अंकासाठी संपादकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "मेडिकलमधल्या गमतीजमती लिहा. सणाचा अंक आहे, लोकांना हलकंफुलकं आवडतं." मी हो म्हटलं. गमती माझ्याकडे पुष्कळ आहेत. पण लिहायला बसले की प्रत्येक गंमत थोडी पुढे जाऊन एकाच जागी अडायला लागली. म्हणून शेवटी तेच लिहायचं ठरवलं. संपादकांनी समजून घ्यावं.

मी वसई गावातल्या एका मेडिकलमध्ये फार्मासिस्ट आहे. घर जवळच्या होळी गावात. नवरा वाडीतली केळी आणि भाजी बघतो, मी सकाळी पांढरा कोट पिशवीत घालून दुकानात येते. लोकांचा समज असा आहे की डॉक्टर लिहितो आणि आम्ही फळीवरून काढून देतो. बिस्किटाचा पुडा द्यावा तसं. खरं म्हणजे आमचं काम पाकीट काढून देण्याचं कमी आणि विचारण्याचं जास्त. अजून काय घेता? दुसऱ्या डॉक्टरांचं काही चालू आहे का? हे दोन प्रश्न विचारायला मी शिकले आणि त्यावर माझं बरं चाललं.

हे प्रश्न सगळ्यात जास्त कामाला येतात ते फिटच्या गोळ्यांच्या बाबतीत. मेंदूचं काम बारीक विजेवर चालतं. ती वीज एखाद्या ठिकाणी भलतीच उसळली की फिट येते. गोळी त्या उसळीला आवरून धरते. पण त्यासाठी रक्तात तिचं प्रमाण रोज सारखं राहावं लागतं. कमी झालं तर फिट, जास्त झालं तर भोवळ, उलटी, एकाचे दोन दिसणं. आणि दुसरी कितीतरी औषधं या गोळीला खाली ढकलतात किंवा वर चढवतात. या गोळ्या फक्त फिटसाठीच असतात असंही नाही. चेहऱ्याच्या शिरेच्या दुखण्याला, मधुमेहात तळपाय जळतात त्याला, अर्धशिशीला, मनाच्या काही आजारांना त्यातल्या वेगवेगळ्या गोळ्या देतात. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आमच्या एका सरांनाही नव्हतं.

सर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांना गालाच्या शिरेचं दुखणं होतं. दात घासताना, घास चावताना, नुसता वारा लागला तरी गालातून सुरी फिरल्यासारखी कळ. डॉक्टरांनी कार्बामाझेपिन दिली, कळ थांबली, सर खूश. मग नातवाने मोबाईलवर त्या गोळीचं नाव घालून बघितलं. दुसऱ्या दिवशी सरांनी स्ट्रिप माझ्या काउंटरवर आपटली.

"ही फिटची गोळी आहे!"

"हो सर, पण तुमच्या दुखण्यावरही हीच चालते."

"आमच्या सात पिढ्यांत कुणाला फिट आलेली नाही. लोकांना कळलं तर काय म्हणतील?"

मी नीट समजावलं. सरांना पटलं नाही. विद्यार्थ्यांचं कधी न ऐकण्याची सवय असेल. गोळी बंद. पुढच्या आठवड्यात सर रिक्षातून उतरले ते जबड्याला मफलर बांधून. तोंड उघडायची सोय नव्हती. त्यांनी बोटानेच फळी दाखवली आणि मी काही न बोलता गोळी दिली. त्या वेळी मी मनात हसले होते, हे कबूल करते.

दुसरे आमचे मिठागरावरचे गोविंदभाऊ. त्यांना फिटसाठीच ही गोळी चालू होती आणि वर्षानुवर्षं फिट नव्हती. एके दिवशी बायको त्यांना दंडाला धरून घेऊन आली. भाऊ झुलत होते. जीभ जड, डोळे भलतीकडे.

"मॅडम, यांना सांगा जरा. सकाळी सकाळी पिऊन बसतात," बायको रडकुंडीला आली होती.

"देवाशपत सांगतो, थेंब पन घेतला नाय," भाऊ म्हणाले. "निस्तं पानी प्यालो. दोन दोन मॅडम दिसतात मला."

दोन दोन मॅडम दिसतात म्हटल्यावर माझे कान टवकारले. विचारलं, अजून काय घेता? खोकल्यासाठी दुसऱ्या एका डॉक्टरांनी क्लॅरिथ्रोमायसिन दिली होती. त्यांना फिटच्या गोळीचं भाऊंनी सांगितलंच नव्हतं. खोकल्याच्या डॉक्टरला फिटचं कशाला सांगायचं? ही अँटिबायोटिक पोटात गेली की कार्बामाझेपिन शरीरातून बाहेर पडायची थांबते आणि रक्तात साचत जाते. माणूस दारू न पिता प्यायल्यासारखा होतो. मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी अँटिबायोटिक बदलली, भाऊंना तपासायला बोलावून घेतलं. भाऊ सरळ चालायला लागले. बायकोने सुकटीची पिशवी आणून दिली आणि नवऱ्यावर उगाच आळ घेतला म्हणून माझ्याचकडे माफी मागितली. त्या संध्याकाळी मी घरी गेले ती जरा ताठच.

आता रेश्माचं सांगते. नाव बदललंय. तिला विचारून लिहितेय.

रेश्मा तुळिंजला राहायची. लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. तुळिंजमध्ये पावलोपावली मेडिकल आहेत, पण ही मुलगी गाड्या बदलत वसई गावात यायची. का, ते मी पहिल्याच दिवशी ओळखलं. चिठ्ठीवर व्हॅल्प्रोएट होती आणि चिठ्ठी पालघरच्या डॉक्टरांची, म्हणजे माहेरची. हळूहळू बोलायला लागली. शाळेत असल्यापासून फिट येत होती. गोळीने थांबली. लग्न ठरलं तेव्हा आईने सांगितलं की सासरी एवढंच सांग, डोकं दुखतं म्हणून घेते. नवऱ्याला तेच माहीत होतं. तसं पाहिलं तर खोटं पकडायला कुणाला जमलं नसतं, कारण ही गोळी अर्धशिशीलाही देतात.

अडचण वेगळीच होती. पोटात बाळ असताना ही गोळी बाळाला इजा करू शकते. आपल्या मनाने बंद करायची सोय नाही, कारण फिट उसळली तर आई आणि बाळ दोघांनाही धोका. म्हणून दिवस राहण्याच्या बरंच आधी डॉक्टरांकडे जाऊन गोळी हळूहळू बदलून घ्यावी लागते. घरात सासूबाई पाळण्याची वाट बघत होत्या. रेश्मा डॉक्टरांकडे जायचं टाळत होती, कारण ते म्हणणार, नवऱ्याला घेऊन ये.

"सांगून टाक नवऱ्याला," मी म्हणायचे. "फिट हा मेंदूचा आजार आहे, जसा दमा फुप्फुसाचा. यात लाजण्यासारखं काय आहे?"

"तुम्हाला सोपं आहे मॅडम," ती हसून म्हणायची.

मला सोपंच होतं. हे वाक्य मी किती जणांना ऐकवलं असेल याला गणती नाही. पाठ झालं होतं.

उपासकाळातला शुक्रवार होता. आम्हा ख्रिस्ती लोकांत नाताळ जसा आनंदाचा तसा हा काळ संयमाचा, आणि शुक्रवारी मी एक वेळच जेवते. दुपार कलत होती. दुकानात गर्दी होती. रेश्माही आली होती, आपला नंबर येईपर्यंत बाजूला थांबली होती. मी फळीकडे हात वर केला आणि मला जळक्या रबराचा वास आला. कुठे काय जळतंय असं विचारायला मी मान वळवली. त्यापुढचं मला माहीत नाही.

डोळे उघडले तेव्हा छताचा पंखा दिसला. तोंडात रक्ताची खारट चव. मुठीत काहीतरी टोचत होतं, तो किल्ल्यांचा जुडगा होता. नाकाजवळ कातड्याचा वास. कुणीतरी चप्पल धरली होती आणि ती कुणीतरी ओढत होतं. मी कुशीवर होते. डोक्याखाली काही मऊ. आणि रेश्माचा आवाज, एवढा मोठा की मला वाटलं भांडण चाललंय.

"काढा ती चप्पल! तोंडात काही घालू नका! वारा येऊ द्या!"

"तुला काय कळतं गं?" एक माणूस म्हणाला.

"मला कळतं! मला पण फिट येतात!"

मग तिने आपली ओढणी काढली आणि माझ्या कमरेपासून खाली पसरली. तेव्हा मला कळलं की माझी सलवार ओली आहे.

जीभ चावली होती, खांदा ठणकत होता, ते मला नंतर जाणवलं. त्या क्षणी फक्त एवढं कळत होतं की मी दुकानाच्या फरशीवर ओल्या कपड्यात पडले आहे, आणि काउंटरच्या पलीकडे होळीतली दोन माणसं उभी आहेत जी मला रविवारी चर्चमध्ये मिस्सेला भेटतात. मी डोळे पुन्हा मिटून घेतले. शुद्ध आली होती, तरी मिटून घेतले.

मेंदूच्या डॉक्टरांनी स्कॅन करून सांगितलं की आत एक जुना भरून आलेला डाग आहे, त्याच्यामुळे झालं. लेव्हेटिरासेटाम सुरू केली. "चिडचिड वाढू शकते, घरच्यांना सांगून ठेवा," ते म्हणाले. हेच वाक्य मीही गिऱ्हाइकांना सांगते. नवरा अंतोन माझ्याशेजारी बसला होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "फिलू, लोकांना काय सांगायचं?"

मी म्हटलं, "उपासाने चक्कर आली. साखर उतरली."

एवढं पटकन म्हटलं की मलाच नवल वाटलं. आमच्या शेठनी मला कामावरून काढलं नसतं. ते उलट घरी फळं घेऊन आले. गावातही कुणी वाळीत टाकलं नसतं. लपवायला मला रेश्मासारखं एकही कारण नव्हतं. मला फक्त लाज वाटत होती. ती ओली सलवार माझ्या डोळ्यांसमोरून जात नव्हती. शेठना उपासाची चक्कर सांगितली, शेजारणींना सांगितली, विचारपूस करायला आलेल्या फादरांनाही सांगितली. फादर म्हणाले, "प्रकृती सांभाळून उपास करायचा असतो." मी मान हलवली. देवाच्या माणसाशी मी उपासाच्या नावाने खोटं बोलले.

कामावर परत गेल्यावर रेश्माचे आभार मानायचे होते. ती आली नाही. तिच्याऐवजी तिचा नवरा आला आणि बरोबर सासूबाई.

नवरा साधा माणूस. अंधेरीच्या एका ऑफिसात नोकरीला. त्याने मोबाईल माझ्यासमोर धरला. त्यात मी होते, फरशीवर. आणि शेजारी गुडघ्यावर बसलेली रेश्मा, ओरडून सांगत होती, मला पण फिट येतात. कुणीतरी त्या दिवशी चित्रण केलं होतं आणि ते फिरत फिरत यांच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर गेलं होतं. स्वतःला तसं हातपाय झाडताना मी पहिल्यांदा बघत होते. माझ्या कानशिलांत आग झाली.

"मॅडम," तो हळू आवाजात म्हणाला, "ती म्हणते, गर्दी हटावी म्हणून बोलले. ही गोळी डोकेदुखीचीच आहे म्हणते. तुम्ही सांगा."

त्याने स्ट्रिप पुढे केली. मागे गिऱ्हाइकं उभी होती. त्यात आमच्या चर्चमधली एक बाई. शेठ गल्ल्यावर.

"गिऱ्हाइकाच्या औषधाचं आम्हाला दुसऱ्याला सांगता येत नाही," मी म्हटलं. हा नियम आहे आणि मी तो पाळते. "पण ही गोळी अर्धशिशीलाही देतात."

"बघ, मी म्हटलं नव्हतं?" सासूबाई मुलाला म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "डोकेदुखीला मेलं रोज रोज गोळी कशाला? मी बंद करायला लावलीय. खेडवरून काढा मागवलाय, तो देते. घरात पाळणा हलत नाही तो या गोळ्यांमुळेच."

व्हॅल्प्रोएट एकदम बंद करणं म्हणजे काय हे दुकानातल्या सगळ्यांत मला जास्त माहीत होतं. फिटच्या माणसाची गोळी अशी तोडली तर एक फिट येऊन थांबेलच असं नाही. एकामागून एक येऊ शकतात, मध्ये शुद्धच येत नाही, जीव जाऊ शकतो.

"एकदम बंद करू नका," मी म्हटलं. "डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको."

"का? डोकं दुखेल, एवढंच ना?"

"त्रास वाढू शकतो."

"कसला त्रास?"

मी स्ट्रिप काउंटरवर सरळ करून ठेवली. मग रेश्माच्या नवऱ्याने विचारलं, अगदी सरळ, कसलाही डाव नसताना. "मॅडम, तुम्हाला त्या दिवशी नक्की काय झालं होतं? ती फिट होती का?"

चर्चमधली बाई ऐकत होती. शेठही बघत होते.

"नाही हो," मी म्हटलं. "उपास होता. चक्कर आली."

ते गेले. मी पुढच्या गिऱ्हाइकाला खोकल्याचं औषध काढून दिलं.

नंतर मी स्वतःला बजावत राहिले की रेश्माचं गुपित तिच्या परवानगीशिवाय फोडायचा मला अधिकार नव्हता. ते खरंच आहे. पण माझं सांगायचा होता. 'मला फिट आली होती. मी अशीच गोळी घेते. ती अचानक तोडली तर काय होतं ते मी सांगते,' एवढं म्हटलं असतं तरी नवरा समजला असता. तो समजायलाच आला होता. तिच्या गुपिताचा नियम मी माझ्या लाजेवर पांघरूण म्हणून ओढून घेतला. दुकानाच्या फोनवरून रेश्माचा नंबर लावला तर बंद. पुन्हा लावला, बंद. मग गिऱ्हाइकं आली. संध्याकाळी तुळिंजला जाऊन येण्याचं मनात आलं आणि मी स्वतःला म्हटलं, घर कुठे माहीत आहे? शोधलं असतं तर सापडलं असतं.

त्यानंतर एका सकाळी दुकानाचा फोन वाजला. शेठनी माझ्याकडे दिला. रेश्माचा नवरा होता. आवाज ओळखू येत नव्हता.

"मॅडम, ती हॉस्पिटलमध्ये आहे. फिट थांबतच नव्हती. आता झोपेच्या औषधावर ठेवलीय. डॉक्टर विचारतायत कुठली गोळी चालू होती, किती पॉवरची. आईने स्ट्रिपा टाकून दिल्या. तुम्ही सांगा."

मी सांगितलं. गोळी, पॉवर, सकाळी किती, संध्याकाळी किती. आणि म्हटलं, "डॉक्टरांना फोन द्या."

फिटमध्ये लाळ फुप्फुसात जाऊन तिला न्युमोनिया धरला होता. अशा वेळी हॉस्पिटलात जोरकस अँटिबायोटिक देतात, आणि त्यातली काही अशी आहेत की व्हॅल्प्रोएटचं रक्तातलं प्रमाण झपाट्याने खाली आणतात. म्हणजे एकीकडून गोळी द्यायची आणि दुसरीकडून काढून घ्यायची. मी ते फोनवर सांगितलं. डॉक्टर तरुण होत्या. म्हणाल्या, "बरं झालं कळलं. तेच सुरू करणार होतो. आता दुसरं बघते."

मी पांढरा कोट अंगावर तसाच ठेवून रिक्षात बसले.

अतिदक्षता विभागाच्या बाहेर बाकावर सासूबाई एकट्याच होत्या. नवरा औषधं आणायला गेला होता. मला बघून त्या उठल्या नाहीत. मी उभीच राहिले आणि म्हटलं, "मला त्या दिवशी चक्कर नव्हती आली. फिट आली होती. मी पण गोळी घेते."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मग तेव्हा का नाही बोललात?" त्या म्हणाल्या. "मी अडाणी बाई. तुम्ही म्हणाला असता तर मी काढा ओतून दिला असता. मी तिच्या हातातून गोळी काढून घेतली हो. तिने दोनदा मागितली. म्हणाली, आई, एकच द्या. मी म्हटलं, सवय लागलीय तुला."

"लाज वाटली," मी म्हटलं. दुसरं काही सुचलं नाही.

त्या पदराने नाक पुसून म्हणाल्या, "तिला पण तीच वाटत असेल. आणि आम्ही तर घरातली." त्या बाकावर थोड्या सरकल्या. मी बसले. आत जाणाऱ्या प्रत्येक नर्सकडे आम्ही दोघी एकदमच मान वर करून बघायचो.

रेश्मा वाचली. बोलायला लागायला वेळ गेला, आणि मधले काही दिवस तिच्या आठवणीतून कायमचे गेले. पाठ झालेल्या गोष्टी विसरते, असं अजून म्हणते. नवऱ्याने तिला सोडलं नाही. तो दवाखान्यात म्हणाला म्हणे, "मला आधी सांगितलं असतंस तर मी काय खाल्लं असतं तुला?" सासूबाई आता स्वतः गोळीची वेळ सांभाळतात, इतक्या की रेश्मा त्याला वैतागते.

मी शेठना खरं सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, मला माहीत होतं. माझ्या मामाला होती." म्हणजे इतके दिवस ते माझी चक्कर माझ्यासाठी सांभाळत होते. गावात बातमी आपोआप पसरली. काही गिऱ्हाइकं माझ्याकडून घेतलेली स्ट्रिप दुकानाबाहेर उजेडात धरून पुन्हा तपासतात. पूर्वी माझा संताप झाला असता. गोळीने चिडचिड वाढते म्हणतात, पण या बाबतीत नाही वाढली. मला वाटतं, तपासावंच त्यांनी.

पावसाळ्यानंतर रेश्मा दुकानात आली. खूप वाळली होती. नवरा खाली स्कूटर लावत होता. बाळाचा विचार आहे म्हणून डॉक्टरांनी गोळी बदलायला घेतली होती. नवी लॅमोट्रिजिन थोडी थोडी वाढवत जायची आणि मग जुनी हळूहळू कमी करायची. मी तिला सगळं समजावलं. जुनी गोळी अंगात असताना नवी जास्त साचते, म्हणून डॉक्टरांनी सांगितल्यापेक्षा भरभर वाढवायची नाही. अंगावर पुरळ उठलं किंवा तोंडात फोड आले तर मलम लावत बसायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. फॉलिक अॅसिड चुकवायचं नाही. आणि काहीही झालं तरी मनाने बंद करायची नाही. हे शेवटचं वाक्य बोलताना माझा आवाज खाली गेला.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग मी म्हटलं, "रेश्मा, मी त्या दिवशी बोलायला पाहिजे होतं. तू माझ्यासाठी सगळ्यांसमोर बोललीस."

ती चिठ्ठीची घडी पुन्हा पुन्हा दुमडत होती.

"माझ्या पण मनात आलं होतं, गप्प उभं राहावं," ती म्हणाली. "आमच्या बाजूच्या बिल्डिंगमधली बाई कोर्टाच्या कामाला आली होती. माझ्या शेजारीच उभी होती, मोबाईल धरून. मी तिला ओळखलं होतं."

"मग?"

"मग काय मॅडम." तिने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, नवल होतं. "तुम्ही निळ्या पडत होता ना."

तिने गोळ्या पिशवीत टाकल्या आणि पायऱ्या उतरून ती नवऱ्याकडे गेली.